बिडाच्या तव्यावरची आई

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस होतं. खाली पॅकिंग चालायचं, वर आम्ही बसायचो. आमची वेबसाइट बिडाचे तवे आणि कढया विकायची, आणि मी तिच्यासाठी लेख लिहायचे. हे लेख दुसऱ्यांच्या साइटवर, फुकटच्या ब्लॉगवर, मिळेल त्या जागी टाकायचे. लेखात ‘बिडाचा तवा’ हे शब्द चारदा यायलाच हवेत आणि शेवटी दुकानाची लिंक हवी, म्हणजे कोणी मोबाइलवर तवा शोधला की आधी आम्ही दिसू. लिहायची हौस म्हणून हे काम घेतलं, असं मी लोकांना सांगायचे. हौस कसली, दुसरी नोकरी मिळत नव्हती.

सुरुवातीला मी तव्याला गंज कसा लागतो वगैरे लिहिलं. मालक माझ्याच वयाचा होता. त्याने दोन लेख वाचले आणि म्हणाला, "यार, हे कोण वाचणार? तू तवा विकू नकोस. आई विक. आई सगळ्यांना असते ना."

माझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट सुचायलाच लागलं. अर्धा कांदा तेलात बुडवून ती तवा पुसायची, ते लिहिलं. तिचं पहिलं घावन हमखास तुटायचं आणि ते तुकडे ती ओट्याशी उभ्यानेच खायची, तेही लिहिलं. लोक कमेंटमध्ये रडायला लागले आणि मालक भलताच खूश झाला.

पण खरी आई किती पुरणार? ती मुलुंडहून रोज ऑफिसला जायची. स्वयंपाकाची तिला फारशी आवड नव्हती आणि पुढे पुढे तर तिने नॉनस्टिकच वापरला. तीन-चार महिन्यांत माझी पोतडी रिकामी झाली आणि मी सरळ थापा मारायला लागले. लेखातली आई पहाटे उठून नाचणी दळायची. घावन टाकण्याआधी उलथण्याने तव्याच्या कडेवर दोनदा ठकठक करायची. गूळ किसून घातलेलं नाचणीचं घावन हा तिचा जीव की प्राण. यातलं काहीही माझ्या आईने आयुष्यात केलं नव्हतं. नाचणीला तर ती नाक मुरडायची.

मग एके दिवशी एका बाईंची कमेंट आली. ‘तुमच्या आई आमच्या सांताक्रूझच्या कॉलनीत राहायच्या. ती ठकठक ऐकू आली की आम्ही मुलं धावत जायचो.’ आई सांताक्रूझला कधीच राहिली नव्हती. मी हसून ते मालकाला दाखवलं. तो म्हणाला, "झकास! राहू दे."

आमचे लेख इतर साइट चोरायच्या, त्यात नवल नव्हतं. पण चोरलेल्या लेखांत मी न लिहिलेल्या गोष्टी येऊ लागल्या. कुठे आईच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, कुठे ती घावन उलटताना काहीतरी पुटपुटायची. प्रत्येक साइटवर तोच डाग, तेच मनगट. कोणीतरी एकाने घुसडलं असेल आणि बाकीच्यांनी उचललं असेल, एवढं मला कळत होतं. तरी मी ते परत परत उघडून वाचायचे. लेखातली ती बाई माझ्यावाचून वाढत होती.

बाबांना हे लेख कोणीतरी फॉरवर्ड केले. ते एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "ती ठकठक आठवते ना गं? मला अजून जाग येते त्या आवाजाने."

"बाबा, ते मी लिहिलंय. खोटं आहे ते."

"खोटं कसं? तिच्या मनगटावर डाग नव्हता का?" त्यांनी स्वतःचं डावं मनगट पुढे केलं आणि बोटाने नेमकी जागा दाखवली. ऑफिसमधून मला फुकट मिळालेला तवा त्यांनी ओट्यावर काढून ठेवला होता. हा तिचाच, असं ते म्हणायचे. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच डागाची खात्री देता येईना. जुने फोटो काढून बसले, तर सगळीकडे पूर्ण बाह्यांचा ब्लाउज नाहीतर हातभर बांगड्या.

त्या वर्षीच्या अविधवा नवमीला बाबा म्हणाले, "पानावर नाचणीचं घावन हवं. तिच्या आवडीचं." आई सवाष्ण गेली, म्हणून तिचं पान आम्ही त्या दिवशी गच्चीच्या कठड्यावर ठेवतो. काहीतरी चुकतंय, पानावर काहीतरी राहिलंय, असं मला सारखं वाटत होतं. काय ते मात्र आठवेना. डोळे मिटून आईला आणू गेले की माझीच वाक्यं समोर येत, लिंकसकट. मी निमूटपणे घावन केलं.

आधीच्या दोन्ही वर्षी कावळ्याने आम्हाला ताटकळत ठेवलं होतं. बाबा तेव्हा हात जोडून म्हणाले होते, ऑफिसमधून उशीर झाला असेल. या वेळी मी पान ठेवून हात मागे घेते न घेते तोच तो येऊन बसला. मान तिरकी करून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चोच कठड्यावर दोनदा आपटली, घावनाचा तुकडा उचलला आणि उडून गेला.

"बघ," बाबा म्हणाले. "ऐकलंस ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. किती तरी दिवसांनी ते सुखात दिसत होते.

मी खाली आले, चहा टाकला, आणि चहाच्या वासाबरोबर ते आठवलं. खारी. आई ऑफिसमधून यायची, चपलाही न काढता डब्यातून खारी घ्यायची आणि चहात बुडवून खायची. तेवढा वेळ कोणाशी बोलायची नाही. आधीच्या दोन्ही वर्षी बाबांनी स्वतः पानाच्या कडेला खारी ठेवली होती आणि कावळ्याने तीच उचलली होती. खारीबद्दल मी कधीच लिहिलं नव्हतं. ती तव्यावर होत नाही, एवढ्याच कारणाने वाचली होती.

मी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या बेकरीतून खारी आणली आणि गच्चीवर नेऊन ठेवली. शेजारी चहाचा कप ठेवला. समोरच्या टाकीवर चार-पाच कावळे बसले होते, त्यांतला एकही हलला नाही. हात जोडले. यापुढे एक ओळ लिहिणार नाही, असंही कबूल केलं.

ऊन उतरेपर्यंत मी तिथेच बसून होते. चहावर साय धरली. खारी जशीच्या तशी होती. आई त्या दिवशी उपाशी राहिली, आणि तिच्या पानावर मी भलत्याच बाईला जेवू घातलं होतं.

खाली आमच्या स्वयंपाकघरात बाबा संध्याकाळचं घावन टाकत होते. आधी दोनदा आवाज आला, मग चर्रर्र झालं.