काल्हेरच्या रस्त्यावर नव्वदची लेन्स

दिघाशीहून सकाळी निघाले तेव्हा पिशवीत कॉलेजचा रेंजफाइंडर कॅमेरा आणि दोन लेन्स होत्या, आजूबाजूचं बरंच मावणारी पस्तीस मिलिमीटरची आणि लांबचं जवळ आणणारी नव्वदची. वर्षभराच्या प्रकल्पासाठी त्यातली एकच मला ठेवता येणार होती. दुसरी संध्याकाळी ठाण्याला कॉलेजात फोटोग्राफीच्या सरांकडे परत द्यायची. विषय होता, आई काम करते त्या गोदामातल्या बायका. सर म्हणाले होते, "नव्वदची घे. लांबूनही चेहरे सुंदर येतात, मागचा पसारा धूसर होतो." मला काही ठरवता येईना, म्हणून तीच लावली.

भिवंडीला टमटम (शेअर रिक्षा) बदलली. पुढे सगळा रस्ता ट्रकांचा. तोंडाला ओढणी बांधून काल्हेरला उतरले.

गेटवर रखवालदाराने अडवलं. "कॅमेरा अंदर नहीं. औरतें खाना खाने बाहर ही आती हैं."

"बाहर कहाँ?"

त्याने रस्त्याकडे हात केला. उभ्या ट्रेलरच्या सावलीत, चाकांना पाठ टेकून बायका जेवत होत्या. आई त्यांच्यातच. ती इथे जेवते हे मला आजवर माहीत नव्हतं.

"उनात काय उभी? बस. आदी जेव," आई म्हणाली. तांदळाची भाकरी, सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणि कांदा.

तिच्याशेजारची सुमनकाकी म्हणाली, "माझं त्वांड मोठं काड गो. सुनेला दाखवायचं हाय, अजून दात हायेत म्हणून."

सगळ्या हसल्या. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. या कॅमेऱ्यात समोरचं बरंच दिसतं, पण लेन्सनुसार एक पांढरी चौकट उमटते आणि तिच्या आतलंच फोटोत येतं. नव्वदची चौकट एवढीशी. तिच्यात आईचा हसरा चेहरा बरोबर बसला. चाकं, रस्ता, बंद गेट, सगळं चौकटीबाहेर. मला दिसत होतं आणि फोटोत येणार नव्हतं.

तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. "उठो, उठो! गाडी निकालनी है!"

घास हातात धरून बायका उठल्या. सवय असल्यासारख्या बाजूला झाल्या. मी घाईघाईने लेन्स बदलू लागले. पस्तीसची बसेपर्यंत ट्रेलर गेला होता.

"आई, तुम्ही कुणीच काही बोलत का नाही?"

"बोलून सावली देनार हायेत? खा."

मला राग आला. जेवायला एक छप्पर नाही, आणि मी पसारा धूसर करायला आले होते!

संध्याकाळी मी सरांसमोर नव्वदची ठेवली.

"पस्तीसमध्ये चेहरे लहान येतील," ते म्हणाले.

"येऊ देत, सर. मी जवळ जाऊन बसेन." मग पुढचंही बोललेच. "त्या कुठे जेवतात ते दिसायला हवं."

परतताना काल्हेरवरून टमटम गेली. गेट बंद होतं आणि राग तसाच होता. उद्या तिथे ट्रेलर नसला तर त्या उन्हात बसतील. मला तेही फोटोत घ्यायचं आहे.