ओफन, ॲप आणि माझं बोट

आमच्या ओफनचे किस्से त्याच्या राखेसारखेच आहेत. रविवारी साफ करावेत, तर पुढच्या रविवारपर्यंत परत पेलाभर साठलेले! लोकांच्या घरात पाहुण्यांचे किस्से होतात, आमच्या घरात ओफनचे, म्हणजे खोली गरम करणाऱ्या स्टोव्हचे.

सगळे किस्से माझ्या एकाच काळजीतून निघाले: लेकीला, मुक्ताला, थंडी वाजली तर? मागच्या हिवाळ्यात तिला ब्राँकायटिस झाला, चार दिवस हॉस्पिटलात होती. ती घरी आली, बरी झाली, गाढ झोपू लागली. मी मात्र जागीच. खोली एकवीस डिग्री आहे ना? की वीस पॉइंट आठ झाली?

जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका गावात जुन्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतलाय. खाली घरमालकीण, फ्राउ हेगेले. वरच्या सगळ्या मजल्याला ऊब देतो तो हॉलमधला पेलेट-ओफन. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या गोळ्या त्यात आपोआप पडतात आणि एक बोटाएवढी कांडी लालबुंद होऊन त्या पेटवते. ही कांडी म्हणजे इग्नायटर. एवढं कळायला मला, एका इंजिनिअरला, दीड वर्ष आणि एक जळकी कांडी लागली.

*

ओफनला ॲप आहे हे समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कळलं त्या दिवशी आमच्या घरात दिवाळी होती.

"किती ठेवू?"

"एकवीस."

"आणि किती खाली गेलं की परत पेटायचं?"

"अर्धा डिग्री." मी म्हटलं. जरा विचार करून म्हटलं, "पाव नाही का होत?"

पाव होत नव्हतं. जर्मन कंपनीलाही आई कुठवर जाईल याचा अंदाज आला नव्हता!

जानेवारीत हे छान चाललं. बाहेर शून्याखाली, ओफन दिवसभर संथ जळायचा. मार्चमध्ये बाहेर बारा-तेरा झालं आणि नाटक सुरू. वीस मिनिटांत खोली बावीस, ओफन बंद. थोड्या वेळात साडेवीस, ओफन चालू. आपला ओफन किती तत्पर, असं मला वाटायचं. कौतुकाने बघायचे मी!

*

एका सकाळी फ्राउ हेगेले वर आल्या. हातात पाकीट उघडून सपाट केलेला कागद. त्यावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी.

"काल अकरा वेळा," त्या म्हणाल्या. "मला खाली पंखा ऐकू येतो. आल्झो... म्हणून मी मोजलं."

मला वाटलं आवाजाची तक्रार. मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही. बिचारी कांडी! प्रत्येक वेळी पेटवायला तीच लागते. तुम्ही काय प्रत्येक लाल सिग्नलला गाडीचं इंजिन बंद करता?"

समीर आतून म्हणाला, "हो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या सॉफ्टवेअरवरच काम करतो मी!"

बाई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून मी अजून माझी जुनीच गाडी चालवते."

कागद मी फ्रिजवर लावला. माझ्याबद्दल इतका नेमका रिपोर्ट ऑफिसातही कुणी दिला नव्हता.

*

मग बाबा आले, माझे सासरे. चिंचवडच्या एका कारखान्यात बॉयलर हाऊस सांभाळून रिटायर झालेले. तीन महिन्यांसाठी आले, ते नातीला भेटायला असं तिकिटावरून तरी वाटत होतं.

बूट काढले, मुक्ताचा पापा घेतला आणि हात मागे बांधून ओफनसमोर उभे राहिले.

"मृणाल, याचे स्टार्ट किती झाले?"

"अहो बाबा, ते कुठे असतं?"

जर्मनचा एक शब्द येत नाही, पण डिस्प्लेची बटणं दाबत दाबत आतल्या कुठल्याशा मेनूत गेले आणि आकड्यासमोर थांबले. "जळाले किती तास ते बघ. आणि पेटवला किती वेळा ते बघ." दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते, म्हणजे तासागणिक एकदा पेटवलेला!

"आमच्याकडे असा बॉयलर चालवणाऱ्याला," बाबा शांतपणे म्हणाले, "कॅन्टीनला पाठवायचे. कायमचं."

*

ओफनच्या सर्व्हिसला मेकॅनिक आले, हेर बाउर, म्हणजे बाउरसाहेब. बाबांना जर्मन येत नाही, बाउरना इथली स्वाबियन बोली सोडून काही येत नाही. मी दुभाषी म्हणून ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली होती. मला कुणी काही विचारलंच नाही.

बाबांनी बोटाने दिवसभराचा आलेख हवेत काढला: वर-खाली, वर-खाली. बाउरनी कपाळाला हात लावला. बाबांनी एक लांब सपाट रेघ काढली. बाउर म्हणाले, "या, या, या!" म्हणजे हो, हो, हो! कांडी बाहेर काढून दोघांनी खिडकीपाशी धरली, ज्वेलरकडे नेल्यासारखी. बाउरनी खांदे उडवले, तीच परत बसवली आणि कॉफी पिऊन गेले.

"काय म्हणाले हो?"

"कांडी फार दिवस काढणार नाही. आणि सुनेला ॲप काढून टाकायला सांगा."

"हे त्यांनी खुणांनी सांगितलं?"

"दुसरं मी सांगितलं. त्यांना पटलं."

*

नवा नियम झाला. गारठा कमी असला की ऑटोमॅटिक बंद. सकाळी एकदाच पेटवायचा, सगळ्यात मंद ठेवून तीन तास चालवायचा, मग थांबवायचा. संध्याकाळी लागला तर अजून एकदा. मधे खोली एकोणीस झाली तर होऊ द्यायची.

होऊ द्यायची! म्हणायला काय जातं!

तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बसून मी टेबलाखाली हळूच ॲप उघडलं. (काढलं नव्हतं.) एकोणीस पॉइंट दोन. बोट आपोआप 'चालू'वर गेलं.

दोन मिनिटांत बाबांचा मेसेज आला: "मृणाल, आज ऑफिसात काम नाही का?"

*

एप्रिलमध्ये कांडी गेलीच. रविवारी सकाळी ओफनने गोळ्या टाकल्या, पंखा फिरवला, वाट पाहिली आणि एरर दाखवून काप्पुट झाला, म्हणजे बंद पडला. बाउर गुरुवारी येणार. तोवर खोली सतरा.

मला रडू यायचं बाकी होतं. केलं ते मीच ना? पोरीला थंडी वाजू नये म्हणून एवढा आटापिटा केला आणि त्यानेच तिची ऊब घालवली.

फ्राउ हेगेलेंनी न विचारता गरम पाण्याच्या दोन पिशव्या वर पाठवल्या. बाबांनी हॉलमध्ये गादी टाकली, घरातल्या सगळ्या दुलया आणल्या. ॲपमध्ये बघायला काहीच नव्हतं, म्हणून माझा फोन किचनमध्येच राहिला. संध्याकाळी आम्ही चौघं एका ढिगाऱ्यात, मऊ भात खात. बाबा बॉयलर हाऊसमधल्या मांजरीची गोष्ट सांगायचे, मुक्ता माझ्या पोटात थंडगार पाय खुपसून ऐकायची. समीरने सावल्यांचे ससे केले, ते उंदरांसारखे दिसले. मी रोज तिच्या छातीला कान लावायचे. एकदाही घरघर नाही.

गुरुवारी बाउरनी नवी कांडी बसवली. काचेमागे ज्वाळा उभी राहिली तशी बाबांनी त्यांना चक्क सॅल्यूट ठोकला, त्यांनीही उलट ठोकला! मी दुलया घडी करून कपाटात ठेवल्या, गादी उचलली, किचनमधून फोन आणला आणि मुक्ताला ओफनसमोर उभं केलं.

"बघ, झाला की नाही दुरुस्त! आता कसं वाटतंय माझ्या सोन्याला?"

तिने ज्वाळेकडे बघितलं. रिकाम्या जमिनीकडे बघितलं. मग म्हणाली, "ममा, तो परत कधी काप्पुट होणार?"