सुरुवात सापडली होती

निबंधाची सुरुवात सगळ्यात शेवटी लिहायची, हे मी शाळेत एकतीस वर्षं घसा कोरडा करून सांगितलं. वरच्या आठ ओळी कोऱ्या सोडा, खाली जे सांगायचं ते सांगून टाका आणि मग परत वर या. मुलं ऐकत नसत. त्यांच्याकडे सुरुवाती तयार असत, पाठ केलेल्या. विषय झाडं असो, मोबाइल असो की माझा आवडता प्राणी असो, ‘आजच्या धकाधकीच्या विज्ञानयुगात मानवाने प्रचंड प्रगती केली आहे’ हे वाक्य आलंच पाहिजे. एकाने ते मांजरीच्या निबंधातही घातलं होतं. मी समासात लिहिलं, ‘मांजरीचे अभिनंदन.’ तो रडला आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई मला भेटायला आली. माझी जीभ अशीच आहे, पहिल्यापासून.

माझ्या या जिभेला घरात पुरून उरणारी एकच व्यक्ती होती, माझी थोरली बहीण. आम्हा दोघींचीही लग्नं झाली नाहीत. कुणी विचारलंच तर समोरच्याचं तोंड बघून कारण सांगायचो, दर वेळी वेगळं. ताई टेलिफोनच्या ऑफिसात होती, मी शाळेत. बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही सव्वीस वर्षं एकत्र काढली. दोन वर्षांपूर्वी ती गेली. पहिले पंधरा दिवस घरात माणसं होती, शेजारून डबे येत होते. मग सगळे आपापल्या कामाला लागले, आणि लागायलाच हवं. मला मात्र दुपारी चार वाजता काय करायचं ते कळेनासं झालं. चारला आम्ही चहा घेऊन गॅलरीत बसायचो आणि खाली कोणी गाडी किती वाकडी लावली यावर टीका करायचो. टीका एकटीने करता येत नाही. मी दोन-तीनदा करून पाहिली, स्वतःचाच आवाज ऐकून दचकले आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

ताईची पुस्तकं बरीच होती. कात्रजच्या एका अभ्यासिकेत जुनी पुस्तकं घेतात असं कळलं, म्हणून एक दिवस ती रिक्षात घालून घेऊन गेले. तिथे टेबलापाशी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी बसलेली होती. अभ्यासही करायची आणि अभ्यासिकेची देखरेखही. मी शाळेत मराठी शिकवायचे हे कळल्यावर ती खुर्चीतून उठली, मला बसवलं आणि म्हणाली, “बाई, माझा एक निबंध बघाल का? जरा अर्जंट हाय.”

तिला समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं, बाहेरगावच्या एका चांगल्या संस्थेत. अर्जासोबत निबंध द्यायचा होता, ‘माझ्या परिसरातील एक बदल’ या विषयावर. निबंध पसंत पडला तरच मुलाखतीचं बोलावणं येणार. घरी एवढंच ठरलं होतं, की प्रवेश मिळाला तर जा, नाही मिळाला तर थोरल्या भावाच्या नळ नि बाथरूम फिटिंगच्या दुकानात काउंटरवर बस. अर्जाला तीन आठवडे होते. मी म्हटलं, “उद्या चारला घरी ये.” चारची वेळ मी मुद्दाम दिली.

ती दोन बस बदलून आली, तरी वेळेवर. निबंध वाचायला घेतला तर पहिल्याच ओळीत विज्ञानयुग! पुढे सगळा गोंधळ. तिचं गाव कात्रजच्या पलीकडे, आता शहरात आलेलं. शेतं गेली, इमारती आल्या, टँकर आले, ओढा बुजला, आईचं मंडईत भाजी नेणं थांबलं, पुढच्या वाक्यात पुन्हा टँकर. एकेक गोष्ट चांगली होती, पण सगळ्या एकाच दारातून एकदम आत घुसत होत्या.

मी माझ्या जुन्या पद्धतीवर आले. घरात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, त्याच्या चिठ्ठ्या कापल्या. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, एकाच वाक्यात. मग त्या जेवणाच्या टेबलावर पसरायच्या. ज्या एकमेकींशी बोलतात त्या जवळ आणायच्या. मग बघायचं, कुठली आधी कळल्याशिवाय कुठली कळणार नाही. ओढा बुजला हे आधी सांगितलं नाही, तर टँकर का आला ते वाचणाऱ्याला कसं समजणार? जी चिठ्ठी कुठेच बसत नाही ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मुलीचा हात चलाख होता. दुसऱ्या दिवशी ती मला न विचारता चिठ्ठ्या हलवायला लागली आणि एकदा तर माझ्याशी वाद घालून बरोबर ठरली. मला इतकं बरं वाटलं की मी कांदेपोहे केले. घरात दोन बशा निघाल्या याचंच मला किती तरी वेळ अप्रूप वाटत राहिलं.

चौथ्या भेटीत निबंध उभा राहिला. सुरुवात तेवढी उरली होती. मी सहज डबा उघडला, काही राहून गेलंय का बघायला. त्यात तिनेच टाकलेली एक चिठ्ठी होती, ‘पप्पा विहीर बघायला जातात. वॉचमन एन्ट्री करायला लावतो.’

“हे काय आहे?”

“ते काही नाही हो,” ती हसली. “आमची विहीर आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली ना. वरून जाळी टाकलीय. पप्पा रोज संध्याकाळी जातात, जाळीतून वाकून बघतात नि परत येतात. वॉचमन सारखे बदलतात, मग नवीन आला की रजिस्टर पुढं करतो. नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर.”

“मग?”

“पप्पा फ्लॅट नंबरच्या रकान्यात ‘विहीर’ लिहितात. रोज. सगळे हसतात त्यांना. येडेपणा हाय नुसता.”

मी ती चिठ्ठी हातात धरून बसले. एकतीस वर्षांत हजारो वह्या तपासल्या, पण अशी सुरुवात माझ्या हाती फार तर दोनदा आली असेल. एक माणूस स्वतःच्या शेतात पाहुणा म्हणून नोंद करतो आहे. तो ओढा, ते टँकर, ती मंडई, सगळं त्या एका रकान्यातून आपोआप खाली उतरत होतं. मला फक्त म्हणायचं होतं, ‘हे वर घे.’ पंधरा मिनिटांचं काम. मग ती मनापासून आभार मानणार, वाकून नमस्कार करणार, जिना उतरणार. आणि उद्या चार वाजता मी पुन्हा बंद गॅलरीशेजारी बसणार.

मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि चिठ्ठी डब्यात परत टाकली. म्हटलं, “सुरुवात काही सापडत नाहीये अजून. परवा ये.”

हे मी मुद्दाम केलं. आज लिहिताना त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. तिच्या जाण्याला आठ दिवस तरी उशीर व्हावा एवढंच मला हवं होतं, आणि मी स्वतःला सांगत होते की वेळ आहे, अजून वेळ आहे, शेवटच्या आठवड्यात सांगून टाकू. माझी पद्धतही मला सोयीची पडली. सुरुवात शेवटी लिहायची म्हटलं, की शेवट कधी करायचा ते बाईंच्या हातात.

त्यानंतर ती पाच वेळा आली. मी सकाळीच मंडईत जाऊन यायचे, काहीतरी करून ठेवायचे. थालीपीठ, शिरा, एकदा अळूवडी. साडी बदलायचे. ताईची खुर्ची, जिच्यावर मी कुणाला बसू देत नव्हते, ती तिला दिली. ती यायची, नवी सुरुवात वाचून दाखवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हणायचे, “ठीक आहे, पण अजून हवंय.” काय हवंय ते सांगायचे नाही. ती बिचारी प्रश्नाने सुरू करून आली, संवादाने करून आली, शब्दकोशातला ‘बदल’चा अर्थ घेऊन आली. एकीपेक्षा एक निर्जीव. मधल्या परिच्छेदांतही ती खाडाखोड करायला लागली होती, जिथे काही करायची गरजच नव्हती. पहिल्या आठवड्यात माझ्याशी वाद घालणारी मुलगी आता मी नुसती भुवई उचलली तरी वाक्य खोडत होती. ते मला दिसत होतं. मी तिला आणखी एक थालीपीठ वाढायचे.

एकदा निघताना तिने जिन्यात थांबून विचारलं, “बाई, मला खरंच येत नाही का हो लिहायला?”

मी म्हटलं, “येतं की. घाई कशाला करतेस?” बाई म्हणून मी इतकं वाईट उत्तर आजवर कुणाला दिलं नव्हतं.

शेवटच्या शनिवारी मी मनाशी ठरवलं, की आता पुरे. पण तेही मी सोमवारवर ढकललं. “सोमवारी सकाळी ये. अखेरचा हात फिरवू.”

“सोमवारी पाचला बंद होतंय, बाई. लास्ट डेटला साइट हँग होते.”

“दहाला ये. अकराला मोकळी करते तुला.” मला वाटलं, तेवढा एक सोमवार मिळेल.

सोमवारी दहा वाजले, साडेदहा वाजले. मी ती चिठ्ठी डब्यातून काढून टेबलाच्या मध्यावर ठेवली होती आणि कशी सांगायची याची वाक्यंही जुळवली होती. अकराला न राहवून फोन केला.

“बाई, काल रात्रीच पाठवून दिलं,” ती म्हणाली. “टेन्शन नको म्हणलं.”

“सुरुवात कुठली घेतलीस?”

“पहिलीच. विज्ञानयुगाची. बाकीच्या तुम्हाला एक पण नाही आवडली ना. ही निदान शाळेत चालायची.”

मी खुर्चीत बसले. “अगं, ती विहीर वर घ्यायची. ते रजिस्टर.”

“माझ्या मनात आलं होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही ती चिठ्ठी हातात घेतली, वाचली, नि परत डब्यात टाकली. मला वाटलं, फालतू हाय.”

मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. खरं सांगायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत मी घड्याळाकडे बघत होते, जसं काही अजून काही करता येणार होतं.

महिन्याभराने तिचा मेसेज आला. ‘बाई, यादीत नाव नाही. तुम्ही माझ्यासाठी लई कष्ट घेतले. थँक्यू.’ मी तो पुन्हा पुन्हा वाचला. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, पण त्या आभारांचं काय करायचं ते मला कळेना. चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी पत्ता विचारून तिच्या भावाच्या दुकानात गेले.

दुकान मुख्य रस्त्यालाच होतं. बाहेर कमोड ओळीने मांडलेले, आत भिंतभर नळ. काउंटरवर ती बसलेली, पुढे शॉवरचा कॅटलॉग उघडा. मला बघून उठली, भावाला म्हणाली, “आमच्या बाई,” आणि स्टूल पुसून दिलं. चहा मागवला. तिथे गिऱ्हाइकांसमोर मला बोलता येईना. निघाले तशी ती मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली.

तिथे उभ्या उभ्या मी सांगितलं. म्हटलं, “विहिरीची सुरुवात मला त्याच दिवशी कळली होती. चौथ्या भेटीत. मी सांगितली नाही.”

तिला आधी समजलंच नाही. “म्हणजे? विसरलात का?”

“नाही. मुद्दाम. सांगितली असती तर तुझं काम झालं असतं आणि तू यायची थांबली असतीस. घरात मी एकटी असते. तू आलीस की मला बरं वाटायचं.”

रस्त्यावरून डंपर चालले होते, धूळ उडत होती. तिने ओढणी नाकाशी धरली. रागावेल असं वाटलं, आणि खरं तर तिने रागवावं म्हणूनच मी आले होते.

“आले असते की, बाई,” ती म्हणाली. “तुमच्याकडं बसायला मला आवडायचं. आमच्यात एवढं कोण ऐकतंय माझं?”

 पुढच्या वर्षी परत अर्ज निघतील, तेव्हा बसू दोघी, असं म्हणायचं मनात होतं, पण ते मी कुठल्या तोंडाने म्हणणार? तिनेही ते म्हटलं नाही. बस आली. तिने माझी पिशवी धरली, दंडाला हात देऊन वर चढवलं आणि म्हणाली, “सावकाश जा.” एका मुलाने उठून मला खिडकीची जागा दिली. बस हलली तेव्हा मी बाहेर बघितलं. रस्ता ओलांडून ती दुकानाकडे चालली होती, भरभर, कारण काउंटरवर गिऱ्हाईक येऊन उभं होतं.