बाबांच्या हाताचं माप

त्या सुताराचं नाव मी विचारलंच नाही, याची मला अजून चुटपुट लागते. ऐंशीच्या दशकात आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये तो एकदाच आला होता, डुगडुगणारा टीपॉय दुरुस्त करायला. कानावर पेन्सिल, आणि काम करताना ओठ गच्च मिटलेले.

त्याने पाय घट्ट बसवले आणि आईने लगेच टीपॉय खोलीच्या मधोमध सजवला. वर क्रोशाचा रुमाल, पितळी मोर आणि प्लॅस्टिकचे गुलाब. गुलाब मीच ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून आणलेले. आल्यागेल्याची पहिली नजर तिथे जावी, ही आम्हा दोघींची हौस.

मग चहा झाला. अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात धड उचलला जात नसे. ते कप मांडीवर सांभाळत बसत आणि सांडला की शरमून आत निघून जात. त्या दिवशीही सांडला.

सुतार बघत होता. "काकू, मांडलंय झकास. पण काकांनी कप ठेवायचा कुठे?"

त्याने मोर उचलून टीव्हीवर ठेवला, टीपॉय बाबांच्या खुर्चीकडे ओढला.

"काका, हात लांब करा बघू. तो नाय, उजवा."

बाबांची बोटं लाकडाला टेकली. तिथेच त्याने टीपॉयच्या पायाशी लादीवर पेन्सिलने रेघ मारली. "इथनं हलवू नका."

बाबा पुन्हा रोज बाहेर बसून चहा घेऊ लागले. आई लादी पुसताना ती रेघ सोडून पुसायची, आणि फिकी झाली की माझी पेन्सिल मागून घ्यायची.