उपासाचं पित्त

आईच्या पित्ताशयात खडे आहेत हे सोनोग्राफीत कळलं, तेव्हा मी एका प्रयोगशाळेत त्याच खड्यांवर काम करत होते. ऑपरेशनमध्ये काढलेलं पित्त आमच्याकडे बाटल्यांतून यायचं. खडे असलेल्या माणसाचं पित्त ठेवून दिलं की थोड्याच दिवसांत त्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक दिसू लागायचे. बाकीच्यांचं बराच काळ स्वच्छ राहायचं. फरक पडायचा तो काही प्रथिनांमुळे. त्यांतलं एक चिकट प्रथिन पित्ताशयाच्या अस्तरातून पाझरतं, स्फटिकांना धरून ठेवतं आणि हळूहळू त्यांचा खडा होतो. जेवण झालं की पित्ताशय रिकामं होतं. माणूस उपाशी राहिला की सगळं आतच साचतं.

आणि माझी आई म्हणजे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी.

"आई, उपास बंद कर. पित्त आत घट्ट होतंय," मी सांगायचे.

"अगं, उपासाच्या दिवशीच तर दुखत नाही मला. जेवले की दुखतं. मग तुझं शास्त्र खरं मानू की माझं पोट?"

तिचंही खोटं नव्हतं. पोटात तेलतूप गेलं की पित्ताशय आवळतं, खडा अडतो, कळ येते. काहीच खाल्लं नाही तर ते गप्प पडून राहतं, आणि आईला वाटायचं, देवी पावली. साबुदाण्याची खिचडी बाधते म्हटल्यावर तिने तीही सोडली. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हणून सांगितलं होतं. आधी पितृपक्ष आडवा आला, मग नवरात्र. "दसरा होऊ दे, मग काय कापायचं ते कापा," आई म्हणाली. आमच्या घराजवळच्या टेंभी नाक्यावर नवरात्राची देवी आली आणि आई नऊ दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर राहिली. एकदाही दुखलं नाही. शेजारणींना ती हे कौतुकाने सांगत होती. मी भांडून भांडून थकले.

दसऱ्याला तिने पुरणपोळ्या केल्या. बाबांना तिची गळ्याची हाडं बघवत नव्हती. "घे गं, किती वाळलीस," म्हणत त्यांनी तिच्या पोळीवर तूप ओतलं. तिने हसत हात आडवा धरला, तरी ओतलं.

"बाबा, पुरे," मी म्हणाले.

"आजचा दिवस राहू दे तुझी प्रयोगशाळा."

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले तेव्हा आई गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. खडा पित्ताच्या नळीत उतरून अडकला होता, स्वादुपिंडाला सूज आली होती. हॉस्पिटलातून ती परत आली नाही. कोजागिरीच्या आधीच गेली.

बाबांनी तूप सोडलं. दर दसऱ्याला ते मला विचारायचे, "तुपानंच गेली ना गं ती?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचे: पित्त, प्रथिन, स्फटिक, उपास. खडे व्हायला वर्षं लागतात, एका चमच्याने ते होत नाहीत. शेवटची कळ तुपाने उठवली, एवढं मात्र मी गाळायचे. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे.

मग म्हणायचे, "पण त्या दिवशी तू पुरे म्हणाली होतीस."