जेमतेम वाढलेला आकडा

माझ्या धाकट्या बहिणीला, वैशालीला, नुकतेच दिवस गेले होते. थोडं रक्त दिसलं म्हणून डॉक्टरांनी गरोदरपणाच्या हार्मोनची तपासणी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा करवली. दुसऱ्या वेळी आकडा बराच वाढायला हवा होता; तो जेमतेम वाढला होता.

"गर्भ टिकणं अवघड दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर वैशाली हळूच म्हणाली, "ताई, मी पाण्याची बादली उचलली होती."

"त्यानं असं होत नाही गं."

तिला ते पटलं नाही. आपलं कुठे चुकलं, हे बाई किती पटकन शोधायला लागते! सासरी तिनं अजून गोड बातमीच सांगितली नव्हती. आता दुःख तरी कसं सांगणार?

तेवढ्यात तिच्या सासूबाईंचा फोन आला.

"हो आई, येताना मेथी आणते," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.