गच्चीचं कुलूप

किल्लीमावशीचा एक नियम सगळ्या बाजाराला पाठ होता. मालक समोर उभा असल्याशिवाय ती कुलपाला हात लावायची नाही.

मग येणारा कोणी का असेना. एकदा एक बाप्या लोखंडी ट्रंक खांद्यावर घेऊन तिच्या टपरीशी आला. किल्ली हरवली म्हणे, उघडून द्या.

"ट्रंक कोणाची?" मावशीने विचारलं.

"घरचीच आहे हो."

"घरात कोणाची?"

बाप्या घुटमळला. "बहिणीची."

"मग बहिणीला घेऊन ये. ती म्हणाली उघडा, की उघडते. वर चहा पाजते."

बहीण काही आली नाही. किल्ल्या घासणाऱ्या बाईला एवढा कसला तोरा, असं बडबडत तो ट्रंकेसकट परत गेला. मावशीने कानशीवरची नजरसुद्धा वर केली नाही.

टपरी मूळची तिच्या नवऱ्याची. तो अंथरुणाला खिळला तेव्हा ती गिऱ्हाइकांची कुलपं घरी आणायची, त्याच्या उशाशी बसून खोलायची, आणि तो पडल्या पडल्या सांगायचा, आता ही पट्टी उचल, आता ती. तो गेल्यावर बाजाराने ठरवून टाकलं की बाई आता टपरी विकणार. शेजारच्या कापडवाल्याने तर जागेची मापंही घेऊन ठेवली. मावशी तेरावा उरकून थेट टपरीवर. पुढे त्याच कापडवाल्याचं शटर अडकलं. मावशीने ते उघडलं, परत लावून दाखवलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवत म्हणाली, "घ्या. आता मापं घ्यायला मोकळे."

नवऱ्याकडून तिने आणखी दोन सवयी उचलल्या होत्या. एक, विकलेल्या प्रत्येक कुलपाच्या पाठीवर पोगर, म्हणजे जाड खिळ्यासारखं टोकदार हत्यार, ठोकून दोन बारीक ठिपके उमटवायचे. ती तिची खूण. दुसरी, दार बघितल्याशिवाय कुलूप द्यायचं नाही. लोक वैतागायचे. "अहो मावशी, कुलूपच देताय की मुलगी देताय?" मावशी म्हणायची, "मुलगी परत माहेरी तरी येते." आणि पिशवी खांद्याला अडकवून दार बघायला निघायची.

मग तो आजार आला, आणि दारांचेच दिवस फिरले.

आधी लोक दार कोपराने ढकलू लागले, मग पायाने, मग दारं उघडेनाशीच झाली. बाजार बंद, टपरी बंद. ज्या रस्त्यावर चालताना खांद्याला खांदा लागायचा, तिथे दोन माणसं समोरासमोर आली की चोरासारखी भिंतीला चिकटून जायची. कोणी शिंकलं की सगळ्या खिडक्या धडाधड लागायच्या. मावशीच्या तीन मजली इमारतीच्या जिन्यात औषधाचा असा उग्र वास भरला, की डोळे चुरचुरायचे.

मावशी तळमजल्यावर राहायची, मुलगा आणि सुनेबरोबर. सुनेचे दिवस भरत आले होते. मुलगा बिचारा धास्तावलेला. त्याने आईची हत्यारांची पिशवी पोटमाळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्याकडे ठेवून आला.

"शिडी लपवून काय होणार? मी स्टुलावर चढेन."

"आई, चेष्टा नको. तुझं वय बघ, हिची अवस्था बघ. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही."

सुनेकडे बघून मावशीने स्टूल भिंतीशी सरकवून ठेवलं. मुलाचं भय खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं.

अशात एका सकाळी इमारतीचे सेक्रेटरी दारात आले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण नोटीस लावायची म्हटली की त्यांच्या अंगात बळ यायचं.

"मावशी, एक दणकट कुलूप हवं होतं. दुकानं बंद. तुमच्याकडे असेल ना घरात?"

"कशाला लावायचंय?"

"गच्चीला. पोरंटोरं जमतात वर. आजकाल नको ते."

मावशी सवयीने उठली. "चला, दार बघते."

काका दोन पायऱ्या मागे सरले. "अहो नको नको! अंतर ठेवा. गच्चीचं दार काय बघायचंय? तुम्ही इथूनच द्या."

मुलगा आतून म्हणाला, "आई, देऊन टाक गं इथूनच." मावशीने खोक्यातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे झाली. काकांनी ते वर्तमानपत्राच्या कागदात धरून उचललं, जसं काही मेलेला उंदीर. दार न बघता मावशीने दिलेलं ते पहिलं कुलूप.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाईचा. ही एकटी राहायची. अर्ध्या इमारतीचे कपडे तिच्याच मशीनवर शिवलेले. दोन दिवस तिला ताप असल्याचं मावशीच्या कानावर आलं होतं. सून रोज तिच्यासाठी डबा जिन्यात ठेवायची, आणि काका तो वर पोचवायचे.

"मावशी," टेलरबाईचा आवाज बसलेला होता, "एक विचारू? तुम्ही रागावला आहात का माझ्यावर?"

"मी? अगं, कशाबद्दल?"

"माझ्या दाराला बाहेरून कुलूप घातलंय. खिडकीतून हात घालून चाचपलं. पाठीवर दोन ठिपके आहेत."

मावशीने उंबऱ्याकडे बघितलं. काल तिथेच तिने ते कुलूप ठेवलं होतं.

टेलरबाई थांबत थांबत सांगत राहिली. तिला कुठेही जायचं नव्हतं. खिडकीतून डबा मिळत होता. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, श्वास लागला तर तडक निघायचं. आणि काल भर दुपारी तिला धाप लागली होती. तिने सेक्रेटरींना फोन केला. किल्ली त्यांच्याकडे. फोन वाजून वाजून बंद झाला. ती दारावर कात्री आपटत राहिली. खालच्या-वरच्या खिडक्या तेवढ्या लागल्या.

"थोड्या वेळाने आपोआप बरं वाटलं. काका संध्याकाळी म्हणाले, झोपलो होतो. माणूस आहे, झोपणारच की. पण मावशी, पुन्हा तसं झालं तर?"

मावशीने फोन ठेवला आणि स्टूल ओढलं.

"आई! काय चाललंय?" मुलगा धावला.

"पिशवी काढतेय. टेलरबाईच्या दाराला बाहेरून कुलूप घातलंय."

"अगं, इमारतीने ठरवलंय ते. तू एकटी काय करणार? आणि तिथे जाऊन आलीस तर हिच्या जवळ कशी येणार आहेस?"

"नाही येणार. जिन्याखालच्या खोलीत झोपेन. तिथे माझं भंगार राहतं, मीही राहीन."

"पण तूच का?"

"कुलूप माझं आहे म्हणून!" मावशीचा आवाज असा चढला की मुलगा दचकलाच. "तिला आत मरायला लावण्याएवढं भक्कम कुलूप मी दिलंय रे. माझ्या हाताने, माझी खूण मारून."

मुलगा दाराशी आडवा उभा राहिला. तेव्हा आतून सून आली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात मेणबत्ती आणि काडेपेटी. मेणबत्ती तिने टेबलावर ठेवली. "आई, ही लागेल ना तुम्हाला?" आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा. माझी वेळ आली आणि कोणी आपल्या दाराला कुलूप घातलं, तर काय कराल?"

मुलगा बाजूला झाला. त्याने स्वतः स्टुलावर चढून पिशवी काढली, ती आईच्या पायाशी ठेवली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या मजल्यावर पोचून मावशीने आधी दारावर थाप मारली. "मालकीणबाई, आहात का समोर?"

गजांच्या खिडकीत टेलरबाईचा चेहरा आला. नाकातोंडाला रुमाल, डोळे तापाने लाल.

"नियम माहीत आहे ना माझा? तोंडाने सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"उघडा मावशी," टेलरबाई म्हणाली, आणि मग होता नव्हता तेवढा दम एकवटून, "माझं दार आहे. उघडा!"

मावशीने जमिनीवर फतकल मारली. मेणबत्ती लावली, कोरी किल्ली ज्योतीवर धरून काळी केली. काजळी धरलेली किल्ली कुलपात घालायची, हलकेच पिळायची, बाहेर काढून बघायचं, काजळी कुठे खरवडली गेलीय. तिथे कानस मारायची. मग पुन्हा ज्योत, पुन्हा कुलूप. सोपं काम नव्हे. सगळ्यात भारी कुलूप तिनेच निवडून दिलं होतं ना! मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती, आणि ती दर खेपेला पदराने काचा पुसत स्वतःलाच शिव्या घालत होती.

कानशीचा आवाज जिनाभर घुमला. एकेक दार किलकिलं झालं. वरून काका बनियनवरच उतरले आणि अर्ध्या जिन्यात थबकले.

"मावशी! हे काय चालवलंय?"

"किल्ली बनवतेय."

"कोणाच्या परवानगीने?"

"मालकिणीच्या."

"कुलूप सोसायटीचं आहे!"

"आणि दार?"

वरच्या कठड्यावरून एक वहिनी म्हणाल्या, "अहो मावशी, सगळ्यांच्याच भल्यासाठी आहे ना हे. आमच्या घरी म्हातारी माणसं आहेत."

"मी काय तरुण दिसते का?" मावशीने किल्ली फुंकली. "भीती मलाही वाटते वहिनी. माझी सून खाली पोट धरून बसलीय. भीती वाटते तर आपलं दार लावा. दोन कड्या घाला, पुढ्यात कपाट सरकवा. पण दुसऱ्याचं दार बाहेरून लावायचं, आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपायचं?"

काका लालेलाल झाले. "मी एक दुपार झोपलो, तर—"

"झोपा की! रोज झोपा. म्हणून तर म्हणते, दुसऱ्याचा श्वास सांभाळायचं काम घेऊ नये माणसाने."

"मी तक्रार करेन. तुमच्या घरालाही—"

"कुलूप घालाल? घाला. आणणार कुठून? शहरात दुकानं बंद आहेत, आणि माझ्याकडचं मिळणार नाही."

जिन्यात कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. खोकल्याने उरलेल्यांची अजूनच गाळण उडाली.

कुलूप मात्र बधेना. किल्ली आत जायची, निम्मी फिरायची आणि अडायची. मावशीच्या कपाळावरून घाम ओघळून मास्कमध्ये शिरला. क्षणभर तिला वाटलं, आता सगळ्यांसमोर नाचक्की. खिडकीतून टेलरबाई हळूच म्हणाली, "मावशी, सावकाश. माझीही सुई अडते कधी कधी."

मावशीने डोळे मिटले. शेवटच्या खाचेवर एकच हलका हात फिरवला. किल्ली घातली, पिळली. खट्ट.

कुलूप गळून तिच्या हातात आलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनी चार पायऱ्या वर पळाल्या, काकांनी रुमाल नाकाशी धरला. सगळे श्वास रोखून दाराकडे बघत होते, जणू आतून आता वाघीण उडी घेणार.

दार फटीएवढं उघडलं. टेलरबाईने बाहेरचा कोयंडा बोटाने चाचपला, रिकामा आहे ना याची खात्री केली. मग दार लावून घेतलं. आणि सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं, तिने आतून कडी घातली.



"झालं," मावशी उठत म्हणाली. "कालही तिने हेच केलं असतं. विचारलं होतं का कोणी?" तिने कुलूप काकांपुढे धरलं. "चला काका."

"कु... कुठे?"

"गच्चीला लावायला. गच्चीसाठी नेलं होतंत ना? यावेळी मी दार बघणार."

"गच्चीला कशाला?" वहिनी वरून ओरडल्या. "आम्ही संध्याकाळी पाय मोकळे करायचे कुठे?"

"आणि माझा व्यायाम?" आणखी एक आवाज.

"दोन दिवस दार बंद राहिलं तर जीव जात नाही," मावशी म्हणाली. "तिला तुम्ही हेच सांगितलंत ना?"

कोणीच जागचं हललं नाही. मावशीनेही गच्ची बंद केली नाही. कुलूप तिने पिशवीत टाकलं, मूळ किल्लीसाठी काकांपुढे हात पसरला, आणि काकांनी ती खिशातून काढून दिली. दिली म्हणजे, पायरीवर ठेवली.

पण काका सहज हार मानणारे नव्हते. साखळी आणतो, लोखंडवाला ओळखीचा आहे, असं ते फोनवर मोठ्याने बोलताना ऐकू आले. मग मावशीने स्टूल आणलं आणि टेलरबाईच्या दारापासून चार हात लांब, जिन्याच्या तोंडाशी ठाण मांडलं. रोज सकाळी येऊन बसायची, जुनी कुलपं मांडीवर घेऊन तेल घालत. इमारतीने तिच्याशी बोलणं टाकलं. दूधवाल्याने तळमजल्याची पिशवी फाटकावरच टांगायला सुरुवात केली. मुलगा आधी धुसफुसला, मग निमूटपणे आईचा डबा जिन्यात आणून ठेवू लागला. एकदा डब्यासोबत उशीही होती, स्टुलावर ठेवायला.

"आई, काका साखळी घेऊन आले तर?"

"येऊ देत. साखळीलाही कुलूप लागतं."

बंद दाराआडून टेलरबाईशी गप्पा चालायच्या. तिचा आवाज रोज थोडा मोकळा होत गेला. एका रात्री तिची धाप परत वाढली. ती स्वतः कडी काढून, स्वतः जिना उतरून ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसली, आणि दवाखान्यातून परत आल्यावर स्वतःच आत जाऊन कडी घातली. कोणाला उठवावं लागलं नाही. काकांनाही नाही.

मग एका सकाळी मावशी स्टुलावर बसली असताना आतून कडी सरकल्याचा आवाज आला. दार सताड उघडलं. टेलरबाई बारीक झाली होती, पण उभी होती. नेमके तेव्हाच काका वरून खाली येत होते. ते थांबले. परत वर जावं की खाली यावं, त्यांना ठरवता येईना.

टेलरबाईने त्यांच्याकडे बघितलं. "काका, तुमची पँट तयार आहे. ताप यायच्या आधीच शिवली होती. केव्हा नेताय?"

काका काहीतरी पुटपुटले आणि भिंतीला चिकटून खाली गेले.

मग ती मावशीकडे वळली. "आणि तुमची पिशवी उसवलीय मावशी. हत्यारं पडतील त्यातून. आणा इकडे."

मावशीने पिशवी रिकामी करून दिली. स्टूल मात्र हलवलं नाही. टेलरबाईच्या मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा ती मांडीवरच्या कुलपावर पोगर टेकवून, हातोडीने दुसरा ठिपका उमटवत होती.